फक्त फुंकीच्या वाद्यांसाठी लिहिलेलं तुमचं आवडतं संगीत कोणतं? (आणि माझ्या क्लॅरोनेटचं काय करू)

शनिवारबाजार (शहापूर, बेळगाव)

मंडळी, गेले आठ महिने क्लॅरोनेट शिकतोय. वय विचारू नका, या वयात लोक गुडघ्याचे डॉक्टर शोधतात. सतार, तबला, पेटी यांवर इथं धाग्यांवर धागे आहेत. पण ज्यात तारेचं वाद्य एकही नाही, सगळं फुंकून वाजवायचं आणि जोडीला ढोल-झांजा, त्या संगीताबद्दल कुणीच लिहीत नाही. आपण त्याला सरळ 'बँड' म्हणतो आणि बँड म्हटलं की वरात. शास्त्रात 'सुषिर वाद्यं' असा छान शब्द आहे. तो घरात वापरून पाहिला तर बायकोनं विचारलं, कुठं दुखतंय?

माझ्या यादीत सध्या एकच नाव आहे. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचा 'फर्स्ट सुइट' (सुइट म्हणजे छोट्या भागांची माळ), 1909 साली मिलिटरी बँडसाठी लिहिलेला. उद्यमबागेत कामावर जाताना-येताना कानात तेच. तिसऱ्या रेल्वे गेटला अडकलो की पहिला भाग पूर्ण होतो, त्यामुळं आता गेट पडलं तरी राग येत नाही. तुमची आवडती नावं सांगा.

दुसरी गोष्ट अडचणीची. माझं क्लॅरोनेट शनिवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या गाड्यावर मिळालं. काळं लाकूड, चाव्या मळलेल्या, पॅड उंदरांनी खाल्लेले. ते नवीन घालून घेतले. एकट्यानं वाजवलं तर आवाज असा गोड की शेजारची म्हातारी खिडकी उघडते. पण पेटीबरोबर बसलो की दाताखाली खडा. पेटीवर सफेद एक धरून बघितली, काळी एक धरून बघितली, कशातच बसत नाही. होल्स्टच्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला जातो तेव्हाही तेच. आमचे सर म्हणतात तुमचा ओठ अजून बसला नाही. आठ महिने बसतोय!

मृदुला_अनगोळ

दादा, धाग्याबद्दल आधी धन्यवाद. होल्स्टचं नाव इथं कुणी काढील असं वाटलं नव्हतं.

मी शाळेत संगीत शिकवते, त्यामुळं सगळं सारेगममध्येच डोक्यात बसतं. त्या सुइटचा पहिला भाग कसा सुरू होतो बघा. खाली ट्यूबा आणि युफोनियम (खर्जातली मोठी पितळी वाद्यं) दोघंच, हळू, तीन मात्रांच्या चालीत: सा, रे, आणि तिथून एकदम वर ध. बस. ही तीन सुरांची उडी म्हणजे सगळ्या इमारतीची वीट. आठ मात्रागटांची ती ओळ पुढं पंधरा-सोळा वेळा येते. कधी खाली, कधी वर, कधी नुसत्या लाकडी वाद्यांत कुजबुजत, मध्ये तर उलटी करून, म्हणजे जिथं सूर चढत होता तिथं उतरतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या भागाच्या चाली नीट ऐकल्या तर त्यांच्याही पोटात तेच 'सा रे ध' सापडतं. आपल्याकडे नगम्यावर, म्हणजे पेटीवर फिरत राहणाऱ्या एकाच ओळीवर, तबला सोलो ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे लगेच कळतं: नगमा तोच, त्याच्याभोवती बाकी सगळं बदलतंय. फरक इतकाच की इथं नगमाच हातोहात फिरतो.

आणखी एक. हा होल्स्ट संस्कृत शिकलेला माणूस. ऋग्वेदातल्या ऋचांचं स्वतः इंग्रजी करून त्यानं त्यांना चाली लावल्या, सावित्रीच्या कथेवर छोटा ऑपेरा लिहिला. पोटासाठी मात्र कित्येक वर्षं ट्रॉम्बोन वाजवत होता. बँडमध्ये मागच्या रांगेत बसून इतरांचं ऐकणारा माणूस असं लिहू शकतो, पुढं उभा राहून काठी हलवणारा नाही, असं माझं मत.

ओठाचं मला कळत नाही. पण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडतं का? की दर वेळी वेगळं?

शनिवारबाजार

बरोब्बर मधोमध, ताई. दर वेळी.

बाळू_येळ्ळूर

आमच्यात बँड संपला दादा. डीजे आला की क्लॅरोनेट कोण ऐकणार. 😄

निपाणीकर

बाळू, डीजेत फुंकायला लागतंय ते फक्त पोलिसांच्या परवानगीसाठी. गप बस.

मी इंग्लंडला जायलाच तयार न्हाई. आमच्या चिकोडी-निपाणी भागात जत्रेला करडी मजलू येतोय, तो ऐकलाय का कुणी? बाहेरच्या पाव्हण्याला सांगितलं की तो विचारतोय, करडी म्हणजे अस्वल न्हवं? कन्नडमधी अस्वलच, पण हितं ते चामड्याचं वाद्य. त्याच्याबरोबर सनादी, म्हणजे आपली सनई. एक सनई सूर धरून ऱ्हाती, दुसरी त्याच्यावर खेळती, आणि करडी असा कडकडाट करती की देवळाची घंटा आपोआप हलावी. वाजवणारे कन्नड बोलत्यात, ऐकणारे निम्मे मराठी, आणि फर्माईश कुठल्या भाषेत आली ह्याची सनईला फिकीर न्हाई. 'सनादी अप्पण्णा' पिक्चर आठवतोय? 1977 चा, कन्नडच्या राजकुमारचा. त्यात सनई खुद्द बिस्मिल्ला खाँसाहेबांची. आमच्या आज्ज्यानं तो पिक्चर डोळं मिटून बघितलेला.

फुंकीचं संगीत म्हणजे हेच. कागद बघून वाजवायचं ते माझ्या मनाला येत न्हाई.

मृदुला_अनगोळ

निपाणीकर, करडी मजलू मलाही फार आवडतो. पण कागदावरून चिडू नका. तुमच्या बाजूचा एक माणूस सांगते: पर्सी ग्रेंजर. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1905-06 साली इंग्लंडच्या लिंकनशर भागात खेडोपाडी फिरून म्हाताऱ्या गवयांची गाणी गोळा करायचा, 1906 पासून तर मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करायचं यंत्र बरोबर घेऊन. बाकीचे संग्राहक गाणं लिहून घेताना गवयानं मात्रा कमी-जास्त केली की ती 'दुरुस्त' करायचे. यानं केली नाही. म्हातारा जिथं श्वासाला थांबला, जिथं अर्धी मात्रा खाल्ली, ते सगळं तसंच उतरवलं आणि तीस वर्षांनी, 1937 साली, बँडसाठी 'लिंकनशर पोझी' म्हणून सहा गाण्यांचा गुच्छ बांधला. पोझी म्हणजे फुलांचा छोटा गुच्छच.

त्यातला 'लॉर्ड मेलबर्न' ऐका. सुरुवातीला तालच नाही. म्हणजे आपल्या आजीनं जात्यावर ओवी म्हणताना कुठं थांबायचं ते जात्याचा खुंटा ठरवायचा ना, तसं. पन्नास वादकांनी एकदम तसं थांबायचं म्हणजे काय कसरत असेल बघा! पहिल्यांदा सादर झालं तेव्हा सगळे सहा भाग वाजवता आले नाहीत. आणि 'हॉर्क्स्टो ग्रेंज' हा छोटा, संथ भाग. तो वर्गात लावला की सातवीतली मस्तीखोर मुलंसुद्धा अडीच मिनिटं बेंच वाजवत नाहीत.

निपाणीकर

ओवीचं बोललात म्हणून ऐकतो. आमच्या आईच्या ओव्या लिहून घ्यायला बसलो हुतो तवा मीबी तिच्या मात्रा नीट करायला गेलतो. तिनं वही काढून घेतली.

निवृत्त_युफोनियम (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. आयुष्यातली चोवीस वर्षं फौजेच्या बँडमध्ये काढली. लिहायची सवय नाही, सून टाईप करून देते आहे.

पहिलं म्हणजे बाळूसाहेबांनी बँड संपला म्हटलं ते वरातीपुरतं. बेळगाव 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं घर आहे. लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यात बिगुल असतो. लहानपणी आम्ही गुरं घेऊन जाताना वाऱ्याची दिशा बरोबर असली की बिगुल ऐकू यायचा आणि त्यावर वेळ कळायची. साध्या पलटणीची जलद चाल मिनिटाला 120 पावलांची. लाइट इन्फंट्रीची जुन्या इंग्रजी रिवाजानं 140. आता चालत चालत, तोंडाला वाद्य लावून, त्या चालीत वाजवून बघा. पाऊल पडतं तेव्हा धक्का थेट दातांना बसतो. पुढचा दात हललेला क्लॅरोनेटवाला मी पाहिला आहे, नाव सांगत नाही, हयात आहे.

बँडचं शिक्षण पचमढीला. तिथं 1950 पासून फौजेची संगीतशाळा आहे. खेड्यातून गेलेलं पोरगं, भजनात झांज वाजवलेलं, तिथं स्टाफ नोटेशन वाचायला शिकतं. पहिले सहा महिने कागदावर मुंग्या दिसतात. नंतर त्या मुंग्या चालायला लागतात.

माझी आवड म्हणाल तर संचलनातली 'कर्नल बोगी'. 1914 सालची. केनेथ आल्फर्ड या नावानं लिहिणाऱ्या फौजी बँडमास्टरची. गोष्ट अशी सांगतात की गोल्फच्या मैदानावर एक अधिकारी लोकांना सावध करायला ओरडायच्या ऐवजी दोन सुरांची शीळ घालायचा, त्या दोन सुरांतून ही चाल निघाली. दोन सुरांत पलटण चालवायची म्हणजे गंमत नाही. आणि सूझा या अमेरिकन संगीतकाराच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर'मधली (1896) शेवटची पिकोलोची फिरकी. सगळा बँड खाली गर्जत असतो आणि वर ती एवढीशी बासरी चिमणीसारखी.

बसून वाजवायच्यापैकी होल्स्ट आमच्याही फायलीत होता. ताईंनी सांगितलेली सुरुवात मी वाजवली आहे. युफोनियमवाल्याला आयुष्यात असे मोजकेच क्षण मिळतात जेव्हा सगळा हॉल गप्प असतो आणि बोलणारा आपण. बाकी वेळी आम्ही भाजीतल्या मिठासारखे.

आता शनिवारबाजार, तुमच्या ओठाला दोष देऊ नका. क्लॅरोनेट खोला. जोडांवर, कंपनीचा शिक्का असतो त्याच्या जवळ किंवा मागच्या बाजूला, काही अक्षरं कोरलेली आहेत का ते भिंगातून बघा आणि इथं लिहा.

शनिवारबाजार

काका, आत्ता खोललं. कंपनीचं नाव झिजलंय, एक मुकुटासारखं काहीतरी आहे. खाली इंग्रजीत 'एच पी'. वरच्या जोडावरही, खालच्या जोडावरही.

बाळू_येळ्ळूर

एच पी म्हणजे हॉर्स पॉवर. उद्यमबागेत पंपावर असतंय की. दादा, तुम्ही क्लॅरोनेट न्हाई, मोटर घेतलीसा. 😂

निवृत्त_युफोनियम

हसून घ्या बाळूसाहेब, पण उत्तर तिथंच आहे. एच पी म्हणजे 'हाय पिच', चढी पट्टी.

आज सगळं जग 'ए' हा सूर सेकंदाला 440 कंपनांना मिळवतं. इंग्रजांच्या फौजी बँडची जुनी पट्टी 452.5 ची होती. 1920 च्या दशकाच्या अखेरीला फौजेनं ती सोडली. त्यांच्याकडचे हौशी ब्रास बँड तर 1960 च्या दशकापर्यंत जुन्याच पट्टीत वाजवत होते. त्या काळातली वाद्यं ओळखू यावीत म्हणून त्यांवर एच पी, आणि नव्यांवर एल पी ('लो पिच') असा शिक्का मारत. 440 आणि 452.5 मधलं अंतर म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्मं. म्हणून तुमचं वाद्य सफेद एकमध्येही नाही आणि काळी एकमध्येही नाही. ताईंनी विचारलं ते बरोबर विचारलं होतं.

शनिवारबाजार

म्हणजे आठ महिने मी बरोबर वाजवत होतो?!

निवृत्त_युफोनियम

तेवढंही म्हणणार नाही. पण सुराचा दोष तुमचा नाही.

पुढचा प्रश्न तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. माउथपीसखालचा छोटा जोड बाहेर ओढून पट्टी उतरते का? थोडी उतरते, पण सगळ्या सुरांची सारखी नाही. वरच्या भोकांचे, म्हणजे नळीचा थोडाच भाग वापरणारे सूर जास्त उतरतात, सगळी भोकं झाकून येणारे खालचे सूर कमी. मग पेटीशी भांडण मिटतं आणि वाद्याचं स्वतःशीच भांडण सुरू होतं. भोकं पाडताना ती एका पट्टीसाठीच पाडलेली असतात. सुतारानं चौकट लहान केली म्हणून खिडकीची काच लहान होत नाही. एकट्यानं वाजवा, ढोलकीबरोबर वाजवा, उत्तम. पेटीबरोबर वाजवायचं तर दुसरं घ्या. मेरठला जली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात, नवीन तिकडून मागवता येईल.

निपाणीकर

काका, सनईला ही भानगड न्हाई. जिव्हाळी, म्हणजे फुंकायची पत्ती, बदलली, जराशी दाबली, ओठानं सांभाळलं, सूर मिळाला.

निवृत्त_युफोनियम

मान्य. सनईला चाव्या नाहीत म्हणून ती अजून मोकळी आहे.

कॅम्प_कॉर्नर

धागा पहिल्यापासून वाचतेय, लिहिणार नव्हते. पण काकांची शेवटून दुसरी पोस्ट तीनदा वाचली.

आमचं घर कॅम्पात. आजोबा गोव्याचे, तिथल्या चर्चच्या शाळेत सोल्फेजिओ शिकलेले, म्हणजे बाराखडीच्या आधी दो-रे-मी. फेस्ताच्या दिवशी पहाटे बँड गावभर फिरतो त्याला तिकडे आल्बोराद म्हणतात, त्यात ते युफोनियम वाजवायचे. ते वाद्य त्यांच्याबरोबर बेळगावला आलं आणि पप्पांकडे आलं. पप्पा आता 78 वर्षांचे आहेत.

मी लहान असताना पप्पा एका ठिकाणी दर रविवारी वाजवायचे. तिथं नवीन कीबोर्ड आला आणि त्यानंतर त्यांना दर आठवड्याला ऐकून घ्यावं लागायचं, तुम्ही चढे वाजवता, कान गेले का? ते मुख्य स्लाइड, म्हणजे सूर मिळवायची सरकती नळी, इतकी बाहेर ओढायचे की एकदा ती वाजवता वाजवता निसटून खाली पडली. सगळे हसले. पप्पासुद्धा हसले. घरी येऊन त्यांनी वाद्य चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. पस्तीस वर्षं झाली.

त्यावर शिक्का नाही, काल रात्री माळ्यावर चढून बघितलं. शिक्का नसेल तर कळतं का?

निवृत्त_युफोनियम

बाई, कळतं. फोनवर सूर दाखवणारं ॲप घ्या, 440 वर ठेवा. स्लाइड नेहमीइतकी, बोटभर आत-बाहेर असू द्या. कुठलाही पिस्टन न दाबता फुंकायला सांगा. वाद्य आधी हातात धरून, आत श्वास सोडून पाच मिनिटं कोमट करा, थंड वाद्य उतरं बोलतं. दिल्लीला जानेवारीच्या धुक्यात आम्ही हे रोज भोगलं आहे. काटा किती वर जातो ते सांगा. पन्नासच्या, म्हणजे अर्ध्या पट्टीच्या, आसपास आला तर तुमच्या वडिलांचे कान शाबूत होते.

पितळी वाद्याचं क्लॅरोनेटसारखं नाही, त्याची पट्टी उतरवता येते. पण नुसती मुख्य स्लाइड ओढून नव्हे. तीन पिस्टनांच्या तीन स्लाइडा आहेत, त्याही त्या मानानं लांब करायला लागतात, नाहीतर एक सूर जुळतो आणि तीन बिघडतात. इंग्लंडात पट्टी बदलली तेव्हा कारागीर नळ्या कापून मध्ये तुकडा घालून झाळून देत. वडिलांना हे कुणी सांगितलं नाही, ते एकट्या मुख्य स्लाइडशी झगडत राहिले.

मृदुला_अनगोळ

कॅम्प_कॉर्नरताई, नक्की करून बघा आणि सांगा.

तोवर धागा चालू ठेवते. दुसरी आवड: मोझार्टची 'ग्रान पार्तिता'. तेरा वाद्यं: ओबो दोन, क्लॅरोनेट दोन, बॅसेट हॉर्न दोन (क्लॅरोनेटचीच थोरली, भरड्या आवाजाची बहीण), बॅसून दोन, हॉर्न चार, आणि खाली एक डबल बास, ते तेवढं तारेचं. सात भाग आहेत, पण तिसरा, संथ. त्याच्या खाली एक लय चालते, झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतात तशी, मात्रेवर न पडता मात्रेच्या मागून. वर तिघं आळीपाळीनं बोलतात, बाकीचे श्वास घेत राहतात. फुंकीच्या संगीतात शांतता किती असते हे मला त्या भागानं शिकवलं. तारवाद्य घासत राहिलं की सूर चालू, इथं श्वास संपतो. संपणार हे ऐकणाऱ्यालाही आतून माहीत असतं.

ड्वोर्झाकची 1878 ची सेरेनेडही त्याच घराण्यातली. पण ती मला जरा जेवून आल्यासारखी वाटते. असो.

कुंदा_आणि_कॉर्नेट

दक्षिणेकडचं कुणीच काही बोललं नाही म्हणून: म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकून कद्री गोपालनाथ त्या वाद्याच्या नादाला लागले आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवून दाखवलं. गमकं, मींड, सगळं. चाव्यांच्या वाद्यावर मींड येत नाही म्हणणाऱ्यांनी ते ऐकावं. 1994 मध्ये लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवून आले.

आणि बीटिंग रिट्रीटमधून (दिल्लीत प्रजासत्ताक दिनानंतर होणारा फौजी बँडांचा सोहळा) 2022 साली 'अबाइड विथ मी' हे इंग्रजी भजन गेलं त्याची मला हळहळ आहे. 29 जानेवारीला अंधार पडताना त्या घंटा.

निपाणीकर

गेलं ते बरं झालं. इंग्रज जाऊन पंचाहत्तर वर्षं झाली.

निवृत्त_युफोनियम

दोघांचंही मला पटतं, त्यामुळं मी भांडणात नाही. नवीन भारतीय रचना चांगल्या आहेत. नागपूरच्या डॉ. तनुजा नाफडे यांची 'शंखनाद' ऐका, रागावर बांधलेली आहे आणि पावलालाही बसते. दोन्ही एकत्र जमवणं अवघड असतं. पण अबाइड विथ मी वाजवताना ओठ हलके ठेवावे लागायचे, आणि दिवसभर संचलन करून सुजलेल्या ओठांना ती एकच चाल बरी वाटायची.

शनिवारबाजार

रेकॉर्डिंगचं विचारायचं राहिलं. होल्स्ट कुणाचा ऐकू? मी ऐकतो त्यात ढोल पेटाऱ्यात कोंडल्यासारखा.

मृदुला_अनगोळ

फ्रेडरिक फेनेलचं, 1978 चं, क्लीव्हलँडच्या वादकांना घेऊन केलेलं. डिजिटल तंत्रानं केलेल्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी ते. त्यातला मोठा ढोल स्वस्तातल्या स्पीकरवर लावू नका, शेजारी येतील. हा फेनेल म्हणजे ज्यानं 1952 साली ईस्टमन संगीतशाळेत बँडची गर्दी कमी केली. एका ओळीला एकच वादक. आधी एकाच ओळीला दहा-दहा क्लॅरोनेटं असायची, कुणी चुकलं तरी झाकून जायचं. त्याच्याकडे चुकलं की चुकलं.

बाळू_येळ्ळूर

खरं सांगू? काल रात्री हेडफोन लावून तो 'सा रे ध' ऐकला. शेवटाला सगळे एकदम येत्यात तिथं अंगावर काटा आला. आमच्या डीजेत बेस हाय, पण तो पोटात बसतोय. हा छातीत बसला. भैनीच्या लग्नात आम्ही बँड ठरवला हुता, पैसे घेतले बारा जणांचे, आले पाच जण आणि एक कॅसिओ. त्यातल्या दोघांच्या हातातली ट्रंपेट नुसती धरायला. तवापासनं राग हुता बँडवर.

कॅम्प_कॉर्नर

काका, केलं.

पप्पांना आधी काही सांगितलं नाही, नुसतं वाद्य पुसून टेबलावर ठेवलं. चहा होईपर्यंत त्यांनी बघितलंच नाही. मग कप ठेवला आणि अंगठ्यानं पहिला पिस्टन दाबून बघितला. बोटानं नाही, अंगठ्यानं, लिफ्टचं बटण दाबतात तसा. दुसरा पिस्टन खालीच अडकला.

फुंकायला दम पुरत नव्हता. चौथ्या वेळी सूर आला. काटा 46 वर. पुन्हा, 49. मी त्यांना फोन दाखवला आणि तुमची पोस्ट वाचून दाखवली, ती 452.5 वाली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "म्हणजे तो कीबोर्ड खाली होता."

मी म्हटलं तसंच काहीतरी. ते आज सकाळपासून दुसरा पिस्टन काढून जुन्या बनियननं पुसतायत. मला हात लावू देत नाहीत.

निवृत्त_युफोनियम

बनियन चालेल, सुती असू दे. खरकागद अजिबात नको.

शनिवारबाजार, तुमच्या लक्षात येतंय का? तुमचं क्लॅरोनेट 452 चं. बाईंच्या घरचं युफोनियमही 452 चं.

शनिवारबाजार

आलं लक्षात काका. आठ मात्रागट मला पाठ आहेत. कॅम्प_कॉर्नर, पप्पांना विचाराल का? रविवारी येऊ शकतो. पेटी आणत नाही.

कॅम्प_कॉर्नर

विचारलं. म्हणाले दहानंतर या, आधी मास आहे. आणि म्हणाले क्लॅरोनेटवाले नेहमी घाईत असतात, त्याला सांग पहिली ओळ माझी आहे.

निवृत्त_युफोनियम

बरोबर आहे, युफोनियमचीच आहे.

मृदुला_अनगोळ

मीही येऊ का? नुसती ऐकायला.

बाळू_येळ्ळूर

ढोल पाहिजे असला तर सांगा. आमच्या मंडळाचा हाय.

कॅम्प_कॉर्नर (रविवार, रात्री)

थोडक्यात सांगते, दमलेय. सहा माणसं आणि एक ढोल आमच्या हॉलमध्ये. ढोल शेवटी अंगणात ठेवला. पप्पांना सा रे जमलं, ध ला दम तुटला. शनिवारबाजारांनी त्यांचा ध घेतला, एक सप्तक वरून. पप्पांनी वाद्य खाली ठेवून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रीड बदल, ओली झालीय." मग पुन्हा पहिल्यापासून. सहाव्या वेळी सात मात्रागटांपर्यंत गेले. जुळत होतं, मृदुलाताईंना विचारा.

मृदुला_अनगोळ

जुळत होतं. मी फोन काढलाच नाही.

कॅम्प_कॉर्नर

दुसरा पिस्टन अजून अडकतो. पिस्टनचं तेल बेळगावात कुठं मिळतं? शिलाई मशीनचं चालेल का, काका? पप्पा बाटली घेऊन उभे आहेत.

निवृत्त_युफोनियम

चालत नाही! थांबवा त्यांना. चिकट होतं, आठवड्यात गंजासारखं बसतं. माझ्याकडे अर्धी बाटली आहे, मंगळवारी खानापूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो. तोपर्यंत पिस्टन कोरडा पुसून ठेवा आणि नंबर बघून त्याच्याच जागी घाला. एकात दुसरा घातला तर हवाच जाणार नाही आणि मग पुन्हा कुणीतरी त्यांना म्हणेल, दम गेला.